एका पत्त्यावर दोघी

सोमवार, ३ मार्च

आज मला लाज वाटली. एकसष्टाव्या वर्षी लाज वाटण्यासारखं फारसं काही उरत नाही, पण आज वाटली.

वनस्पतिकोशाच्या संपादकांची मेल आली. "आपल्या एकाच पत्त्यावरून आम्हाला एकाच दुपारी दोन उत्तरं मिळाली. एकात आपण काम स्वीकारलं आहे. दुसऱ्यात, आम्ही काम देणार की नाही, अशी विचारणा आहे. आपल्याकडे नक्की कोण पाहतं?"

नक्की कोण पाहतं! दोघी पाहतो. मी आणि माझी धाकटी जाऊ. बावीस वर्षं एकाच छापखान्यात समोरासमोर बसून प्रुफं तपासली. छापखाना बंद झाला तेव्हा बुकबाइंडरच्या वरची एक खोली भाड्याने घेतली, दारावर पाटी लावली आणि स्वतःचं काम सुरू केलं. पाटी एक, ईमेलचा पत्ता एक, आणि यंत्रं तीन: एक माझ्या घरी, एक खोलीवर, एक तिच्या घरी. घोटाळा इथेच आहे. जे यंत्र आधी उघडेल ते आलेली मेल गिळून टाकतं, बाकीच्या दोघांना पत्ताच लागत नाही. संपादकांची होकाराची मेल माझ्या घरच्या यंत्रात पडली होती आणि धाकटी तिच्या घरी बसून वाट पाहत होती.

कोश बारा खंडांचा आहे. आत्ता फक्त परीक्षा: पहिल्या खंडाचे तिन्ही विभाग, मुदत ४ एप्रिल. उतरलो तर तीन वर्षांचं काम. अट एकच, प्रत्येक पानावर दोन तपासनिसांच्या सह्या हव्यात. म्हणजे दोघी हव्यात. एकटीला हे काम मिळणार नाही.

माफीची मेल मी लिहिली, आणि पाठवण्याआधी धाकटीला फोन करून बजावलं, "तू काही पाठवू नकोस."

"मी कशाला पाठवते?" ती म्हणाली. "मला आलेलं दिसतच नाही तर पाठवू काय!"

हे असं चालणार नाही.

मंगळवार, ४ मार्च

यंत्रं दुरुस्त करणारे गृहस्थ आले. गळ्यात वायरींचं वेटोळं, पोट टेबलाला टेकलेलं, बोलणं अखंड. मी मनातल्या मनात त्यांचं नाव तारवाले ठेवलं आहे.

मी त्यांना सांगितलं, "मला समजेल असं सांगा. आणि मला काही समजत नाही असं समजून सांगू नका."

ते हसले. "ताई, आत्ता तुमचं कसं आहे, टपालपेटी फाटकाशी आहे. जो आधी जाईल तो पत्रं काढून स्वतःच्या घरात नेतो. दुसरा जातो, पेटी रिकामी. मी काय करतो, पत्रं पेटीतच ठेवतो. म्हणजे सर्व्हरवर. तुमची तिन्ही यंत्रं म्हणजे नुसत्या खिडक्या. खोली एकच. एकीने पत्र उघडलं की ते उघडलेलं सगळीकडे दिसणार. एकीने उत्तर दिलं की ते तिन्हीकडे."

खिडक्या तीन, खोली एकच! मी त्यांच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं. इतकं स्वच्छ कुणी मला कॉलेजातसुद्धा शिकवलं नव्हतं.

खोलीवरचं आणि माझ्या घरचं यंत्र त्यांनी आजच जोडलं. धाकटीचं परवा.

गुरुवार, ६ मार्च

झालं! झालं! वयाला शोभत नाही, पण हे दोनदा लिहिते.

मी खोलीवर, ती तिच्या घरी, फोन कानाला. मी आमच्याच पत्त्यावर एक मेल टाकली. विषय: चाचणी. मजकूर: दिसतंय का?

"दिसतंय का?" मी फोनवर विचारलं.

"थांबा... शोधते."

"शोधायचं काय त्यात? सगळ्यात वर आहे."

"वर कुठे... हं. आहे, आहे. ताई, तुमची मेल दिसली!"

आणि त्याच क्षणी माझ्या पडद्यावरची ठळक अक्षरं बारीक झाली. तिने तिकडे उघडली आणि मला इकडे कळलं. मी खुर्चीतून उठले. खालच्या बाइंडरने काठीने छत ठोकलं, इतक्या जोरात उठले असेन.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन तिसरी खिडकी प्रत्यक्ष पाहिली. तिने अक्षरं एवढी मोठी करून ठेवली आहेत की पडद्यावर जेमतेम सहा ओळी मावतात. बालवाडीच्या भिंतीवर लिहितात तशी. "हे काय?" म्हटलं, तर म्हणे, "छान वाटतं. श्रीमंत असल्यासारखं." तिचं असलं काहीतरी असतंच. मी लहान करायला गेले तर तिने माझा हात धरला.

घरी येऊन ह्यांना सगळं समजावलं. खिडक्या, खोली, ठळक अक्षरं. हे म्हणाले, "म्हणजे आता ती काय वाचते, कधी वाचते, सगळं तुला घरबसल्या कळणार."

"हो!"

"गरीब बिचारी," हे म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

सोमवार, १० मार्च

जे लिहायचं ते नेमकं लिहिते, सारवासारव करत नाही.

आमच्या धंद्याचा पहिला नियम: खरी प्रत एक. बाकीच्या प्रती फाडून टाकायच्या. छापखान्यात प्रुफांच्या दोन प्रती टेबलावर राहिल्या की कुणीतरी चुकीच्या प्रतीवर दुरुस्त्या करतं. मी बावीस वर्षांत हजारो प्रती फाडल्या आणि एकदाही चुकीची प्रत छापायला गेली नाही.

आज खोलीवर बसले तर यंत्रात तेच दिसलं जे सकाळी घरी पाहिलं होतं. तीच मेल, तोच दुसरा विभाग, दीडशे पानं. घरी एक प्रत, इथे दुसरी, धाकटीकडे तिसरी. मला ते बघवेना. घरची प्रत खरी धरली आणि इथली टाकून दिली. त्यासोबत आणखी एकोणतीस मेल टाकल्या. हात झाडले. टेबल पुसल्याचं समाधान मिळालं.

घरी येऊन यंत्र उघडलं. दुसरा विभाग नाही. तीस मेल नाहीत. धाकटीला फोन केला, तिच्याकडेही नाहीत.

खोली एकच! दोनदा वदवून घेतलं होतं मी.

संपादकांना पुन्हा विभाग मागायचा म्हणजे तोंड दाखवायला जागा उरणार नाही. जेवण गेलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

मिळालं. सगळंच्या सगळं.

तारवाले आठ वाजता हजर. "ताई, टाकलेली मेल लगेच मरत नाही. कचरापेटीत जाते आणि तिथे तीस दिवस पडून राहते. कचरापेटीही तिघांची एकच बरं का." दोन बटणं दाबली आणि तीसही मेल रांगेत परत उभ्या. मी त्यांना दोन वेळा चहा दिला.

धाकटी तोवर पोचली होती. जिन्याचा कठडा धरून, पायरी पायरी चाचपत येते हल्ली. गुडघे दुखत असणार, सांगत नाही. सगळं ऐकल्यावर तिला हसू आवरेना. "बावीस वर्षं प्रती फाडल्यात, ताई. हात थांबतोय थोडाच!"

"हसू नकोस. दीडशे पानं होती."

"म्हणूनच हसते. मी फाडली असती तर तुम्ही मला फाडलं असतं."

तारवालेही हसले. मी हसले नाही, पण राग आला नाही. आज कशाचाच राग येत नाहीये.

शुक्रवार, १४ मार्च

पहिला विभाग संपत आला. यंत्रणा घड्याळासारखी चालते. मी घरी सकाळी सहाला मेल पाहते, नऊला खोलीवर येऊन तिथूनच पुढे. काही हरवत नाही, काही दोनदा होत नाही. आम्ही अशा अर्धवट पद्धतीने इतकी वर्षं काढली कशी, हेच आता कळत नाही.

एक किरकोळ बिघाड. आज एक मेल आली, पाठवणारे आम्ही आणि घेणारेही आम्हीच. विषयाची जागा रिकामी. तारवाल्यांच्या जोडणीत काहीतरी घुमत असणार, रिकाम्या खोलीत आवाज घुमतो तसं. माझा जुना दंडक आहे, विषय नसलेलं पत्र मी उघडत नाही. ज्याला आपण कशाबद्दल लिहितो हे ठाऊक नाही, त्याने माझा वेळ घेऊ नये. छापखान्यात सगळ्यांना हे पाठ होतं. टाकून दिली.

बुधवार, १९ मार्च

धाकटीवर चिडले.

पहिल्या विभागाच्या तिच्या चाळीस पानांवरून मी पुन्हा नजर फिरवली. अकरा चुका राहिल्या होत्या. अकरा! हिच्या हातून पूर्वी वर्षाला अकरा राहत नसत. एका ठिकाणी तर अख्खी ओळ दोनदा छापली आहे आणि खाली हिची सही.

शिवाय मला आता दिसतं. मेल ती सकाळी उघडते, आणि उत्तर देते दुपारी तीनला. मधले सहा तास काय करते? कधी फोन करून मलाच म्हणते, "ताई, ती मेल जरा वाचून दाखवा ना. तुमच्या आवाजात कळते." आळसाला काही मर्यादा?

खोलीवर तिला समोर बसवलं आणि अकराच्या अकरा दाखवल्या. ती पानाकडे बघेना, भलतीकडेच, पानाच्या कडेला बघत बसली. मी म्हटलं, "माझ्याशी बोलताना इकडे बघ."

"बघतेच आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "चुकलं. उद्यापासून जास्त वेळ देते."

"वेळ नको देऊस, लक्ष दे."

तिने पानं चाचपून गोळा केली आणि पिशवीत भरली.

संध्याकाळी पुन्हा ती बिनविषयाची मेल. टाकली.

रविवार, २३ मार्च

दुसरा विभाग निम्मा झाला. धाकटीच्या घरी गेले, बुधवारी जरा जास्तच बोलले होते म्हणून. माझे दीर जाऊन नऊ वर्षं झाली, एकटी असते. तिच्या घरी मी जायला हवं त्यापेक्षा कमीच जाते.

भर दुपारी बारा वाजता टेबलावर तीन दिवे चालू. एक वरून, दोन बाजूंनी. "शस्त्रक्रिया चालली आहे का इथे?" म्हटलं. म्हणे, "हो ना, रोग्याची पानं पिवळी पडलीत." चहा ओतताना कपात बोट घालून ओतते आता. मी विचारलं तर म्हणते, गरम किती ते कळतं. तरी थोडा बशीत सांडलाच. पूर्वी कशी टापटिपीची होती.

गप्पा छान झाल्या. छापखान्यातले दिवस निघाले. तेव्हा कामाची पद्धत होती, एकीने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. विरामचिन्हांसकट. "रोपटं स्वल्पविराम कोवळं असताना स्वल्पविराम उपटू नये पूर्णविराम." दिवसभर असं बोलून बोलून ही घरीसुद्धा तशीच बोलायची. माझे दीर म्हणायचे, "हिच्याशी भांडायची सोय नाही, पूर्णविराम देऊन मोकळी होते."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. निघताना ती म्हणाली, "ताई, मी नसले तर तुम्ही दुसरी कुणी घ्याल का?"

"कुठे चाललीस?"

"कुठे नाही. असंच."

"असंच काही विचारायचं नसतं. उद्या साडेनऊला ये."

गुरुवार, २७ मार्च

दुसरा विभाग पाठवला! संपादकांची दोन ओळींची पोच आली, त्यात "व्यवस्थित" हा शब्द आहे. असे लोक "व्यवस्थित" सहसा लिहीत नाहीत.

तो घुमणारा बिघाड मात्र वाढतोय. आजवर पाच झाल्या. तारवाल्यांना फोन केला.

"जोडणीत असं होत नाही, ताई. आपोआप मेल तयार होत नाही."

"मग ह्या काय आभाळातून पडतात?"

"येऊन बघतो. सध्या दुसऱ्या गावी आहे."

जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "उघडून तरी बघ एखादी."

"विषय नसलेली?"

"माझ्या बोलण्याला तरी कुठे विषय असतो? तरी ऐकतेस."

"चाळीस वर्षांत किती ऐकलं, ते विचारू नका."

सगळे म्हणतात मी आता सैल सोडायला हवं. पण यंत्रणा एकदा नीट लागली की तिच्यात केरकचरा राहू देऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

सोमवार, ३१ मार्च

आजचा दिवस मला लक्षात ठेवायचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तिसरा विभाग सगळ्यात वाईट. बारीक टाईप, तक्ते, तळटिपा. मुदतीला चार दिवस. धाकटी दुपारपर्यंत सहा पानांवर. मी बत्तीस. तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तोंडाशी शब्द आले होते, ते कसे कुणास ठाऊक, गिळले. त्याऐवजी म्हटलं, "जुन्या पद्धतीने करू या का? मी वाचते, तू ऐक. वेळ वाचेल."

वेळ वाचणार नव्हता. दोघींनी वेगवेगळं तपासणं केव्हाही जलद. मी असं का म्हणाले मला सांगता येणार नाही.

तिने पेन्सिल खाली ठेवली. चेहरा असा उजळला की जणू मी सुट्टी जाहीर केली. खुर्ची माझ्यासमोर ओढून घेतली, पाठ ताठ, डोळे मिटले.

"मिटून काय ऐकतेस?"

"तुम्ही वाचा हो!"

मी वाचायला लागले. स्वल्पविराम, अर्धविराम, कंस सुरू, कंस पूर्ण. दहा मिनिटांत आवाजाला जुनी लय सापडली. आणि मग तिचा हात वर.

"थांबा. हे तेच झाड ना, ज्याच्या शेंगा वाजतात?"

"तेच."

"दोन पानांमागे त्याची उंची चाळीस फूट होती. आता तुम्ही चार वाचलंत."

मी पानं उलटली. चाळीस. आणि इथे चार. मी दोन्ही पानं डोळ्यांनी वाचली होती, दोन्ही बरोबर म्हणून बाजूला ठेवली होती. अक्षर न् अक्षर बरोबर होतं ना, मग माझा डोळा कशाला अडेल?

पुढे थांबलीच नाही. "ह्या फुलाला आधी पाच पाकळ्या होत्या, सहावी कुठून आली?" "हे वाक्य असंच्या असं मागच्या नोंदीत आहे, कुणीतरी उतरवलंय." "हिवाळ्यात पानं गळतात म्हणतात आणि तक्त्यात सदाहरित?" साडेपाचपर्यंत तिने सतरा पकडल्या. एकही माझ्या नजरेत आली नव्हती, आणि एकही कोशाच्या संपादकांच्याही नाही. खालचा बाइंडर वर येऊन दारात उभा राहिला. म्हणे, "आवाज आला म्हणून बघायला आलो, भांडण आहे का." धाकटी म्हणाली, "बसा. झाडांची उलटतपासणी चालली आहे."

माझा घसा बसला आहे. इतकी खूश मी कधी होते ते आठवत नाही.

बुधवार, २ एप्रिल

तिसरा विभाग वाचून संपला, दुपारी सव्वाचारला. सह्या राहिल्या होत्या. मी माझ्या केल्या आणि गठ्ठा तिच्याकडे सरकवला. तिने पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं.

"ताई, सह्या करण्याआधी एक बोलायचं आहे. तुम्हाला माहीतच आहे, पण तोंडाने सांगते."

"काय माहीत आहे?"

"सात पत्रं लिहिली तुम्हाला. सातही टाकलीत."

मला काही कळेना. आणि मग एकदम कळलं. आमच्याकडून आमच्याकडे. विषयाची जागा रिकामी. दोघींचा पत्ता एकच, तिने मला लिहिलं तर ते असंच दिसणार, दुसरं कसं दिसणार?

"टाकली," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं.

"मग माझं उत्तर मला मिळालं," ती म्हणाली, आणि हसली. का हसली ते समजलं नाही. "तरी एकदा ऐकून घ्या. डोळ्यांचं मधलं जातंय. ज्या ओळीकडे बघते तीच ओळ दिसत नाही. वरची दिसते, खालची दिसते. डॉक्टर म्हणाले कडेचं राहील, मधलं परत येणार नाही. ह्या पानांवर माझी सही म्हणजे दिवाळखोराची सही. तुम्हाला दोन तपासनीस हव्यात, तर दुसरी बघा. मी रागावणार नाही."

भलतीकडे बघते म्हणून मी हिला बोलले होते. कडेने ती मला बघत होती.

मला हळवं बोलता येत नाही, शिकलेच नाही. मी म्हटलं, "सोमवारी सतरा चुका कुणी काढल्या?"

"मी."

"कशाने?"

"कानाने."

"अटीत सही लिहिली आहे. डोळे लिहिलेले नाहीत. कर सही."

"ताई, त्यांना सांगावं लागेल."

"मी सांगते. तू सही कर. कुठे करायची ते बोटाने दाखवते."

एकशे बारा सह्या केल्या तिने. मी प्रत्येक पानावर बोट ठेवलं, तिने बोटाच्या शेजारी सही केली. एकही वाकडी नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

सह्यांची पानं स्कॅन करून तिसरा विभाग मेलने गेला. सोबत मी संपादकांना लिहिलं: "आमच्या दोन तपासनिसांपैकी एक डोळ्यांनी तपासते, दुसरी कानाने. दुसरीच्या दुरुस्त्या हिरव्या शाईत आहेत. त्या पाहून निर्णय घ्यावा." धाकटीला वाचून दाखवलं. तिने "पाहून" नंतर थोडं थांबायला लावलं आणि "बरं आहे" म्हणाली.

पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवलं. तीन वर्षांचं काम होतं त्या बोटाखाली. तरी दाबलं.

सोमवार, ७ एप्रिल

मिळालं!!

दोन उद्गारचिन्हं. मी लोकांच्या मजकुरातलं दुसरं नेहमी काढते, आज माझं ठेवते.

संपादक लिहितात, "चाळीस फूट आणि चार फूट हे आमच्या तिघांच्या डोळ्यांखालून गेलं होतं. हिरवी शाई बाराही खंडांना हवी."

मी मेल उघडली तेव्हा घरी होते, सकाळचे सहा. तशीच पायांत चपला अडकवून चार गल्ल्या चालत तिच्या दारी गेले. यंत्रावर तिला दिसलंच असतं, खोली एकच आहे. पण मला ते तिला वाचून दाखवायचं होतं, पूर्णविरामांसकट.

मंगळवार, ८ एप्रिल

तारवाले परत आले. धाकटीच्या यंत्राला उद्या बोलतं करणार आहेत, मेल ते मोठ्याने वाचून दाखवेल. माझ्या यंत्रावर त्यांनी नमुना ऐकवला. कोरडा आवाज, पण उच्चार स्वच्छ.

"सगळं वाचतं का?" मी विचारलं.

"सगळं. इनबॉक्स, पाठवलेल्या, कचरापेटी. हे बघा." त्यांनी बटण दाबलं आणि यंत्र म्हणालं, "कचरापेटी. न वाचलेल्या, सात."

तारवाले पुढे बोलत राहिले. मी ऐकत नव्हते. उद्या सकाळी तिच्या घरचं यंत्र पहिल्या दिवशीच तिला हे सांगणार. न वाचलेल्या, सात. ताईंनी टाकलेल्या पण उघडल्याच नाहीत.

ते गेल्यावर दार लावलं. दोन मार्ग होते, पेटी रिकामी करायची किंवा उघडायची. रिकामी करायला बोट गेलं, ते मागे घेतलं. हात थांबत नाही म्हणाली होती ना, थांबला.

पहिली उघडली. ठळक अक्षरं बारीक झाली. ती न बघता टाईप करते, टंकलेखनयंत्रावरची सवय, तरी मधेमधे बोटं शेजारच्या कळांवर पडलेली. मी सहा पत्रं सरळ वाचली. डॉक्टरांचं, दिव्यांचं, कपात बोट घालायचं. अकरा चुकांच्या दिवशीचं पत्र चार ओळींचं आहे, ते इथे उतरवत नाही.

सातवं, १ एप्रिलचं, असं आहे:

"ताई, विषय नसलेलं तुम्ही उघडत नाही हे मला बावीस वर्षं माहीत आहे. म्हणूनच विषय लिहीत नाही. सांगितल्यासारखं होतं आणि तुम्हाला कळतही नाही. दर वेळी दुसऱ्या सकाळी बघते, तुम्ही टाकलेलं असतं, मग मी कामाला बसते. काल तुम्ही वाचून दाखवलंत, त्यानंतर आता लपवणं बरं नाही. उद्या तोंडाने सांगेन. तुम्ही म्हणाल टाकली, आणि वाचली असं म्हणणार नाही, कारण तुम्ही खोटं बोलत नाही. तेवढीच मजा."

म्हणून हसली होती!

सातवं पुन्हा एकदा वाचलं. पत्रात सहा ठिकाणी टंकदोष आहेत. इथे उतरवताना हात सवयीने सुधारून गेला, तिथे मात्र तसेच राहू दिले.

मग एक नवी मेल लिहायला घेतली, आमच्याकडून आमच्याकडे. मजकूर लगेच झाला, विषयाला मात्र वीस मिनिटं लागली. ह्यांनी दोनदा डोकावून पाहिलं. शेवटी लिहिलं:

विषय: सातही पत्रं आज वाचली, धाकटे

मजकूर: उद्या साडेनऊला ये. दुसरा खंड आला आहे. घसा माझा, कान तुझे.

बुधवार, ९ एप्रिल

सकाळी सहाला यंत्र उघडलं. माझी मेल आधीच बारीक अक्षरांत होती. तिने पडद्याला नाक लावून ती माझ्याआधी वाचली असणार, यंत्र बोलायला लागायचीही वाट पाहिली नाही.

खाली तिचं उत्तर होतं. विषयाची जागा रिकामी.

उघडलं.

"येते पूर्णविराम"